अधिक अठ्ठावन्न

"या टीममधली सगळ्यात उपयोगी खेळाडू तुम्ही आहात, मंदाताई," असं ऋजुता पाध्ये म्हणाली तेव्हा माझ्या तोंडात तर्री-पोह्यांचा घास होता. मला हसू फुटलं, तर्री नाकात गेली आणि पुढची दोन मिनिटं मी नुसती ठसकत होते. पोहेवाल्यानं पाण्याचा जग आणून पुढ्यात ठेवला. शिंतोडे उडू नयेत म्हणून ऋजुतानं लॅपटॉप छातीशी कवटाळला होता. तिच्या चेहऱ्यावर मात्र हसण्याचं नाव नव्हतं.

ठसका थांबल्यावर मी तिला समजावलं, की बाई, तुझं काहीतरी चुकतंय. मी तेहेतीस वर्षांची. दर मॅचला माझे सरासरी साडेतीन पॉइंट. आमच्या ट्रीसाचे बावीस. लोक तिकीट काढून येतात ते ट्रीसाला बघायला. माझ्या नावानं ओरडणारा सबंध गॅलरीत एकच माणूस असतो, तो माझा नवरा, आणि त्यालाही ट्रीसाच आवडते.

"पॉइंट मी बघतच नाहीये," ऋजुता म्हणाली. "तुम्ही कोर्टवर असताना काय होतं, ते बघतेय."

या गोष्टीला आता पंधरा वर्षं होतील. तेव्हा बायकांची एक व्यावसायिक बास्केटबॉल लीग निघाली होती. दोन हंगाम चालली आणि बंद पडली. आठ शहरांच्या आठ टीम. आमची नागपूरची, नाव 'वाघिणी'. मी रेल्वेत टीसी, खेळाडूंच्या कोट्यातून लागलेली. मोठी रजा काढून खेळत होते. माझ्या वयाच्या बाकीच्या पोरींनी बूट कधीच माळ्यावर टाकले होते. मला मात्र तो शेवटचा चान्स सोडायचा नव्हता.

ऋजुता पुण्याची. संख्याशास्त्र शिकलेली, सव्वीस वर्षांची, काडीसारखी बारीक. मालकांनी कुठल्याशा परदेशी टीमबद्दल वाचलं होतं आणि हौसेनं तिला आणून बसवलं होतं. ती बेंचच्या टोकाला बसायची आणि कोण कधी आत गेलं, कधी बाहेर आलं, तेव्हा स्कोर काय होता, सगळं टिपत राहायची. पोरी तिला बेरीजबाई म्हणायच्या. तिलाही ते ठाऊक होतं. तिला राग येत नसे.

तिचं म्हणणं असं होतं. समजा मी कोर्टवर उतरले तेव्हा स्कोर वीस-वीस. बाहेर आले तेव्हा आपले बत्तीस, त्यांचे सत्तावीस. मग माझ्या नावावर अधिक पाच. ते बारा पॉइंट कोणी का टाकले असेनात. टीम मागे पडली असेल तर माझ्या नावावर उणे. नऊ मॅच झाल्या होत्या. तिनं प्रत्येकीचा असा हिशोब मांडला होता. माझे होते अधिक अठ्ठावन्न. मी बेंचवर असताना टीम उणे अडतीस. ट्रीसा बावीस पॉइंट टाकायची खरी, पण त्यासाठी पंचवीस वेळा बॉल मारायची, आणि उरलेल्या वेळात तिनं अडवायची ती खेळाडू आपल्यावर मोकळी सुटायची. ट्रीसा होती उणे सहा.

"आणि दुसऱ्या नंबरवर?" मी विचारलं.

"वनिता आत्राम. अधिक पंचेचाळीस. पण ती जवळजवळ कायम तुमच्याबरोबरच उतरते. म्हणजे तिच्यातला बराचसा भाग तुमचाच असणार."

मी मान डोलावली. मला ते लगेच पटलं. स्वतःच्या कौतुकाची गोष्ट पटायला वेळ लागत नाही.

वनिता अहेरीकडची. गडचिरोली पोलिसांत शिपाई. पावणेसहा फुटांच्या वर उंच, खांदे रुंद, आणि बोलणं इतकं कमी की पहिल्या महिन्यात काही पोरींना वाटलं तिला मराठी येत नाही. ती पॉइंट टाकायचीच नाही म्हटलं तरी चालेल. तिच्या नावावर फाऊल तेवढे असायचे. आमचे कोच खानझोडे सर पहिल्या क्वार्टरच्या मध्यावर आम्हा दोघींना एकदमच आत पाठवायचे. असं का, ते आम्ही विचारलं नाही. सरांना काही विचारायची पद्धतच नव्हती.

अधिक अठ्ठावन्न ही बातमी आठवडाभरात पसरली. एका स्थानिक पेपरात फोटोसकट चौकट आली, 'वाघिणींची छुपी वाघीण'. मी ती कापून लोको शेडमधल्या नवऱ्याच्या जेवणाच्या डब्यात ठेवून दिली. घरी आल्यावर तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तू चांगली खेळून राहिली होती, अन् तुले मालूमच नव्हतं?" अजनीच्या रेल्वे क्वार्टरातल्या बायका मला थांबवून विचारू लागल्या. साडेतीन पॉइंटवाली मंदा डोंगरवार मान ताठ करून चालायला लागली.

आणि मग मी एक गोष्ट केली, जी आजवर फार थोड्यांना सांगितली आहे.

मी तो आकडा सांभाळायला लागले. आधी मी खेळताना स्कोरबोर्डकडे बघायची नाही. आता दर दोन मिनिटांनी मान वर. आपण पुढे आहोत ना, मग बरं. समोरची टीम कमजोर पोरी घेऊन खेळते आहे तोवर मी वाघीण. पण त्यांच्या मोठ्या पोरी उठून उभ्या राहिल्या, की माझा डावा गुडघा धरायचा. मी दोन्ही हात फिरवून सरांना बदलीची खूण करायची आणि लंगडत बाहेर. समोरचे आठ-दहा पॉइंट चढायचे ते दुसरीच्या नावावर. मग गुडघा आपोआप बरा. तीन मॅच मी हे केलं. माझा आकडा ऐंशीच्या वर गेला.

खानझोडे सर फक्त एकदा म्हणाले, "तुझा गुडघा हुशार आहे, मंदा." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाराव्या मॅचनंतर टीमचे मॅनेजर लुंगे यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, की पुढच्या हंगामासाठी नियमाप्रमाणे सातच जणी कायम ठेवता येतील, बाकीच्यांना मोकळं करावं लागेल. त्यातली सहा नावं ठरल्यातच जमा होती, पोस्टरवर ज्यांचे फोटो होते त्या सहा. सातव्या नावासाठी ऋजुता मालकांशी भांडली होती. एक तरी जागा आकड्यावर द्या, नाहीतर मला आणलंत कशाला, असं तिनं तोंडावर विचारलं होतं. मालक हो म्हणाले होते. तिनं शेवटच्या मॅचनंतर नाव द्यायचं होतं.

म्हणजे ती जागा माझी किंवा वनिताची. आणि आकड्यांत मी तिच्या पुष्कळ पुढे होते.

जागा गेली तर वनिताला परत अहेरीच्या ठाण्यावर हजर व्हायचं होतं. तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही. मला ते लुंग्यांकडून कळलं. मी मनाशी म्हटलं, ती पंचविशीची आहे, तिला अजून दहा वर्षं आहेत. माझी तर ही शेवटचीच. मनाला समजवायला माणसाकडे नेहमी काहीतरी असतंच.

त्या शुक्रवारी सरावानंतर मी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर पाय पसरून बसले होते. सराव कडक झाला होता आणि मध्येच मी गुडघ्याचं कारण काढून बाजूला झाले होते. बाकीच्या पोरी निघून गेल्या. वनिता आली, तिच्या हातात काचेची छोटी बाटली. मोहाच्या बियांचं तेल, टोळीचं तेल म्हणतात तिकडे. आईनं घरी काढून पाठवलेलं. ती खाली फरशीवर बसली, माझा पाय मांडीवर घेतला आणि तेल चोळू लागली. मी नको नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. तिचे हात जड आणि गरम होते. मला इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटून घेतले.

चोळता चोळता ती बोलू लागली, आपण होऊन, जे ती फारसं करत नसे. ती म्हणाली, "ताई, तुमची डावी बाजू उघडी राहते. तिकडून पोरगी आली का तुमाले दिसत नाही. म्हणून मी तिथंच उभी राहतो. मंग थे मले येऊन भिडते, अन् तुमाले वाट भेटते."

मी विचारलं, की कधीपासून असं करतेस. ती म्हणाली, पहिल्या मॅचपासून. आणि रिबाऊंडला, म्हणजे बॉल रिंगला लागून परत येतो तेव्हा, ती बॉलकडे जातच नाही, समोरच्या उंच पोरीला पाठीनं रेटून धरते, बॉल मग माझ्याकडे नाहीतर दुसऱ्या कोणाकडे पडतो. फाऊल होतात ते त्याचेच. हे सगळं ती अशा सहजपणे सांगत होती, जसं कोणी सांगावं की मी सकाळी अंगण झाडते.

मी डोळे मिटूनच म्हटलं, "गुडघ्याला फार आराम पडला गं."

तिचे हात थांबले. ती हळूच म्हणाली, "ताई, काल तं डावा होता ना."

मी डोळे उघडले. ती माझा उजवा गुडघा चोळत होती. आज सरावात घाईघाईत मी तोच धरला होता.

ओशाळं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. कानापासून पायापर्यंत गरम वाटत होतं. वनितानं माझ्याकडे वर पाहिलं नाही. तिनं हातावर आणखी थोडं तेल घेतलं, माझा डावा पाय उचलला आणि तोही चोळून दिला. मग बाटलीला बूच लावून ती उठली आणि येते म्हणून निघून गेली.

शनिवार मी कसाबसा काढला. नवऱ्याला सांगितलं नाही. स्वयंपाकात दोनदा मीठ घातलं. मी मनातल्या मनात एकेक मॅच पुन्हा खेळत होते, आणि जिथे जिथे मला मोकळी वाट मिळाली होती तिथे तिथे एक रुंद पाठ दिसत होती. आजवर मला ती दिसली कशी नाही, याचं मला नवल वाटत होतं. मग आणखी एक गोष्ट आठवली. भोपाळची टीम लीगमध्ये सगळ्यात तळाला होती. त्यांच्याशी आमच्या दोन्ही मॅच एकाच आठवड्यात झाल्या, आणि त्या आठवड्यात वनिता इथे नव्हतीच. निवडणुकीच्या बंदोबस्ताला तिला बोलावून घेतलं होतं. भोपाळला आम्ही दोन्हीदा धुतलं होतं. तिथे कोणीही वाघीण झाली असती, आणि ते सगळे पॉइंट माझ्या नावावर चढले होते.

रविवारी सकाळी मी ऋजुताच्या खोलीवर गेले. धरमपेठेत ती एका बाईंकडे राहत होती. दार उघडलं तेव्हा तिचे केस विस्कटलेले होते आणि टेबलावर कागदांचा ढीग. मी बसले नाही. उभ्यानंच सांगून टाकलं, गुडघ्यापासून भोपाळपर्यंत सगळं. आणि म्हटलं, की वनितामध्ये माझा भाग नाही, माझ्यात तिचा आहे. आम्ही वेगवेगळ्या खेळलो ती मिनिटं वेगळी काढ आणि मोज.

गुडघ्याचं ऐकून तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. ती म्हणाली, "ते मला दिसलं होतं. समोरच्या पहिल्या पाच आल्या की तुमचा गुडघा दुखतो. बारा मॅचमध्ये सात वेळा. मी म्हटलं, खरंच दुखत असेल."

मग ती कामाला लागली. बाईंनी चहा आणून दिला, तो निवला. तासाभरानं तिनं खुर्ची मागे सरकवली. भोपाळ वगळलं तर वनिताशिवाय मी चव्वेचाळीस मिनिटं खेळले होते, उणे सतरा. माझ्याशिवाय वनिता एकोणचाळीस मिनिटं, अधिक बारा.

मी म्हटलं, "झालं तर मग. तिचं नाव लिही."

पण ऋजुतानं मान हलवली. तिचा चेहरा उतरला होता. भोपाळची गोष्ट आपल्या लक्षात यायला हवी होती, हे तिला लागलं होतं. एवढ्या थोड्या मिनिटांवर कोणाचं नाव काढायचंही नाही आणि कोणाचं घालायचंही नाही, असं ती म्हणाली. चाळीस मिनिटं म्हणजे एक मॅच. एका मॅचमध्ये नशिबानंही काहीही होतं. तिनं एकदा घाई केली होती, आता पुन्हा करायची नव्हती. तिला आणखी मिनिटं हवी होती, आणि मॅच उरल्या होत्या दोन.

मी तिला घेऊन तशीच खानझोडे सरांकडे गेले. सर अंगणात लुंगी लावून सायकलची चेन साफ करत होते. मी सांगितलं, की उरलेल्या दोन्ही मॅचला आम्हाला वेगवेगळ्या उतरवा. त्यांनी कारण विचारलं, ऋजुतानं सांगितलं. ते बराच वेळ चेनवरून फडकं फिरवत राहिले.

"मंदा, तू लोकायचे तिकीट तपासते. आज सोताचंच फाडून राहिली," ते म्हणाले. "पक्कं आहे का?"

मी पक्कं म्हटलं. सर म्हणाले ठीक आहे, पण दोन अटी. जागेसाठी कोणाची परीक्षा चाललीय हे वनिताला कळता कामा नये. आणि शेवटची मॅच हरायची वेळ आली तर सर कोणाचं ऐकणार नाहीत.

तेराव्या मॅचला आम्ही कोलकात्यात खेळलो आणि हरलो. मी उणे नऊ, वनिता अधिक चार. चौदावी, शेवटची, नागपुरातच, चेन्नईशी. चेन्नई पहिल्या नंबरवर होती. जिंकलो तर आम्ही पहिल्या चारात जाणार होतो आणि सेमीफायनल मिळणार होती. हरलो तर घरी. क्रीडासंकुल खच्चून भरलं होतं. नवऱ्यानं लोको शेडमधली अख्खी पाळी उचलून आणली होती.

दुसऱ्या क्वार्टरला सरांनी मला एकटीला पाठवलं. समोर चेन्नईच्या पहिल्या पाच. बास्केटखाली उभी राहणारी त्यांची सेंटर माझ्यापेक्षा डोकाभर उंच. आकडा कळल्यापासून पहिल्यांदाच मी स्कोरबोर्डकडे पाहिलं नाही. पाहून करायचं काय होतं, मी इथे माझा आकडा हरायलाच आले होते. आणि कसं सांगू, त्या आठ मिनिटांत मला जेवढी मजा आली तेवढी त्या सबंध हंगामात आली नव्हती. मी पळले, पडले, उठले. डावीकडून पोरी येत राहिल्या आणि मला भिडत राहिल्या. एकदा मी इतक्या जोरात आपटले की पंचांनी येऊन विचारलं. गुडघा खरोखरच सोलून निघाला होता, आणि या वेळी मी बाहेर गेले नाही. आठ मिनिटांनी सरांनी बोलावलं तेव्हा ऋजुतानं बेंचच्या टोकावरून दहा बोटं दाखवली, आणि मग आणखी एक. उणे अकरा.

तिसऱ्या क्वार्टरला वनिता. मी बेंचवर बसून पहिल्यांदा तिचा खेळ पाहिला. आजवर मी तिच्या शेजारी खेळले होते, तिला पाहिलं नव्हतं. ती जिथे उभी राही तिथे चेन्नईच्या पोरींना वळसा पडायचा. ट्रीसाला असल्या मोकळ्या वाटा कधी मिळाल्या नव्हत्या, तिनं लागोपाठ चार बास्केट टाकल्या. त्यांची उंच सेंटर रिबाऊंडला उडायची तेव्हा तिच्या पोटाशी वनिताची पाठ असायची. क्वार्टर संपला तेव्हा आम्ही दोन पॉइंटनी मागे होतो. वनिता अधिक नऊ. तिच्या एका बॉलनंही बास्केट पाहिली नव्हती.

चौथ्या क्वार्टरच्या शेवटी तीन मिनिटं उरली, आम्ही अजून तीन पॉइंटनी मागे. सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "मोजणं झालं," ते म्हणाले. "आता जिंकायचं आहे. जा, तिच्यासोबत."

मी आत गेले. वनितानं माझ्याकडे पाहिलं आणि हसली. त्या तीन मिनिटांबद्दल मला सलग काही आठवत नाही. एवढं आठवतं की मी ओरडत होते, ती सरकत होती, आणि डावीकडून कोणीही आलं नाही. शेवटची बास्केट मी टाकली. इतकी मोकळी होते की बॉल हातातून सुटण्याआधी मला विचार करायला वेळ मिळाला. एका पॉइंटनं जिंकलो. माझा नवरा आणि त्याची अख्खी पाळी कुंपण ओलांडून आत आली, आणि त्या गर्दीत नवऱ्यानं आधी वनिताचा हात हातात घेतला. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. मॅच त्यानंही पाहिली होती एवढंच.

सेमीफायनल आम्ही हरलो. ऋजुतानं सातवं नाव दिलं, वनिता आत्राम. सोबत आठ पानांचा अहवाल, लुंग्यांनी तो वाचला असेल असं मला वाटत नाही. यादी लागली त्या दिवशी मी घरी जाऊन दोन वेळचं एकदम जेवले आणि दुपारभर झोपले. वाईट वाटलं नाही म्हणणार नाही. संध्याकाळी उठले तेव्हा मात्र मन हलकं होतं, आणि दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झाले.

पंधरा दिवसांनी माझी ड्यूटी नागपूर स्टेशनवर होती. दुपारची वेळ, पुण्याची गाडी उभी. डब्यात चढले तर खिडकीशी ऋजुता. तिचं काम संपलं होतं, ती घरी चालली होती. मी आधी तिचं तिकीट तपासलं. तिला वाटलं थट्टा करतेय, मी म्हटलं ड्यूटी म्हणजे ड्यूटी. मग गाडी सुटायला दहा मिनिटं होती म्हणून तिच्या शेजारी टेकले.

ती म्हणाली, "एक गोष्ट तुम्हाला सांगितली नाही. सरांच्या कानावर घातली होती, ते म्हणाले आत्ता बोलू नको. तुम्ही रविवारी माझ्याकडे आलात ना, त्याच्या आदल्या दिवशी वनिता आली होती."

"कशाला?"

"तुम्ही आलात त्याचसाठी. दारातच उभी राहिली, आत यायला तयार नाही. म्हणाली, मॅडम, माझा आकडा माझा नाही. मंदाताई मागून ओरडत राहतात, इकडे सरक, तिकडून येतेय, म्हणून मला कुठे उभं राहायचं ते कळतं. त्या नसल्या तर मी नुसता खांब. जागा त्यांना द्या."

शुक्रवारी तिला माझा खोटा गुडघा कळला होता, आणि शनिवारी ती माझ्यासाठी धरमपेठेत गेली होती.

"मग तू तिला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्हाला सांगितलं तेच, मोजून बघते म्हणून. दोघींनी आपापल्या विरुद्ध साक्ष दिली होती, ताई. माझ्या पुस्तकात असली केस कुठेच नव्हती." ती हसायला लागली. "मोजल्यावर तिची खोटी निघाली आणि तुमची खरी."

गार्डाची शिट्टी झाली. मी खाली उतरले. गाडी हलली, ऋजुता खिडकीतून हात हलवत होती, आणि मी काळ्या कोटातली बाई फलाटावर उभी राहून एकटीच हसत होते. एका म्हाताऱ्या प्रवाशानं जनरल डबा कुठे म्हणून विचारलं, त्याला मी हसत हसतच बोट दाखवलं.

मग मी वनिताला फोन लावला. ती सरावाला निघाली होती. मी म्हटलं, की तू माझ्याबद्दल ऋजुताला जे काही सांगितलंस ते मला आज कळलं, आणि ऐकून ठेव, आकड्यांत ते साफ खोटं ठरलंय.



"ताई," वनिता म्हणाली, "मॅडमचं मशीन चुकलं असंल."

मी वाद घातला नाही.